पत्ता बदलला, पेरोलला कळलंच नाही: एका स्टेट रिफंडचे साडेतीन महिने

मार्च २०२४ चा शेवटचा शनिवार. भाच्याचा फोन आला. "मावशी, टॅक्स रिफंडचे फेडरलचे, म्हणजे केंद्राचे, पैसे दहा दिवसांपूर्वीच आले. न्यू यॉर्कचे का येत नाहीयेत? साइटवर टाकलं की म्हणते माहिती जुळत नाही. रिटर्न गेलंच नाही की काय?"

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. हिशेबाचंच काम करते, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल नात्यातली आणि ओळखीतली निम्मी माणसं आधी टॅक्सचं विचारतात आणि मग "बाकी कशी आहेस?" म्हणतात. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण आपल्या लोकांत फार नेहमीच्या अशा तीन गोष्टी त्यात एकत्र आल्या: नोकरी मॅनहॅटनमध्ये, वर्षाच्या मध्यात हडसन नदी ओलांडून न्यू यॉर्कहून न्यू जर्सीला मुक्काम, आणि पगार देणाऱ्याच्या दप्तरात जुनाच पत्ता. भाच्याची परवानगी घेतली आहे. आकडे मात्र थोडे गोल केले आहेत.

आधी माणूस. पुण्याचा, एकटा, २०२३ चं पूर्ण वर्ष एकाच कंपनीत, पगार ९६,००० डॉलर. जून अखेरपर्यंत न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्सला दोन रूममेट्सबरोबर राहत होता. १ जुलैपासून जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळ. ऑफिस तेच, फक्त सात नंबरच्या ट्रेनऐवजी आता पाथ ट्रेन. आठवड्यातून दोन दिवस घरून काम. जुलैत एक बचत खातं उघडलं, त्यावर डिसेंबरपर्यंत ३०० डॉलर व्याज. बाकी शेअर नाहीत, घर नाही, बायको नाही. यापेक्षा सोपा माणूस टॅक्सवाल्याला मिळायचा नाही.

त्याच्या डोक्यात स्टेट टॅक्स म्हणजे आपल्याकडच्या व्यवसाय करासारखं काहीतरी किरकोळ होतं. महाराष्ट्रात पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे अडीच हजार, विषय संपला. राज्यघटनेनेच त्याला २,५०० ची मर्यादा घातली आहे आणि पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राकडे ठेवला आहे. अमेरिकेत तसं नाही. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये स्वतःचा इन्कम टॅक्स बसवला, तेव्हा आजचा फेडरल टॅक्स जन्मालाही आला नव्हता. त्याची घटनादुरुस्ती १९१३ ची. न्यू यॉर्क आलं १९१९ मध्ये. न्यू जर्सीने १९७६ पर्यंत दम धरला. शाळांच्या पैशांवरून राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्या जुलैत शाळाच बंद करायला लावल्या, तेव्हा कुठे कायदा झाला. टेक्सास, फ्लोरिडात पगारावर स्टेट टॅक्स अजूनही नाही. पेनसिल्व्हेनियात गरीब-श्रीमंत सगळ्यांना सरसकट ३.०७ टक्के. थोडक्यात, प्रत्येक राज्याचं खातं वेगळं, नियम वेगळे, आणि रिफंड बघायची खिडकीही वेगळी. फेडरलचा रिफंड आला म्हणून राज्याबद्दल काहीही कळत नाही.

पहिली गाठ तिथेच सुटली. मी म्हटलं, "स्क्रीन शेअर कर आणि तू काय टाकतोस ते दाखव." न्यू यॉर्कची साइट टॅक्स वर्ष, सोशल सिक्युरिटी नंबर, कुठला फॉर्म भरला ते आणि मागितलेल्या रिफंडची नेमकी रक्कम विचारते, पूर्ण डॉलरमध्ये. हा रकमेच्या चौकोनात ४८६ टाकत होता. ४८६ हा त्याचा फेडरल रिफंड! शिवाय फॉर्म निवडला होता आयटी-२०१, जो वर्षभर न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्यांचा. त्याने भरला होता आयटी-२०३, म्हणजे अर्धवट वर्षाच्या रहिवाशांचा आणि बाहेरच्यांचा. पीडीएफ उघडायला लावली, राज्याचा आकडा शोधला: १,९१६. तो टाकल्याबरोबर साइट बोलायला लागली. रिटर्न मिळालं आहे, त्याची आणखी तपासणी होऊ शकते.

"आणखी तपासणी म्हणजे? मी काय केलंय?"

काही केलं नव्हतं. पण १,९१६ हा आकडा ऐकून माझेही कान टवकारले. सरळ पगारदार माणसाला राज्याकडून एवढा रिफंड का?

डब्ल्यू-२ समोर ठेवून

डब्ल्यू-२ म्हणजे कंपनीने दिलेलं वर्षाच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक. त्यातल्या फेडरलच्या भागात काही वावगं नव्हतं. खाली राज्याची ओळ: चौकोन १६ मध्ये न्यू यॉर्कचा पगार ९६,०००, चौकोन १७ मध्ये राज्याचा कापलेला कर ४,७८०. पुढे चौकोन १९ मध्ये ३,३१०, आणि त्याच्या शेजारी २० मध्ये शहराचं नाव, न्यू यॉर्क सिटी.

३,३१० बघून मी चहा बाजूला ठेवला. न्यू यॉर्क शहराचा स्वतःचा इन्कम टॅक्स आहे, साधारण तीन ते पावणेचार-चार टक्क्यांच्या मधला. तो फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो, तिथे नोकरी करणाऱ्यांना नाही. बाहेरून येणाऱ्यांवर पूर्वी एक छोटा कर होता, तो १९९९ मध्ये गेला. म्हणजे जुलैपासून भाच्याच्या पगारातून शहराचा एक पैसाही कापायला नको होता. आणि इथे बाराही महिने कापला होता.

"तू कंपनीला पत्ता बदलल्याचं सांगितलंस ना?"

"हो, ॲपमध्ये जुलैतच बदलला."

ॲपमध्ये पत्र पाठवायचा पत्ता बदलला होता. करासाठीचा पत्ता त्याच पानावर, पण खाली, वेगळ्या टॅबमध्ये होता, आणि तो अजून जॅक्सन हाइट्सचाच होता. नुसता पत्ताही पुरत नाही. आता मी शहराचा रहिवासी नाही, असं सांगणारा आयटी-२१०४.१ नावाचा फॉर्म कंपनीला द्यावा लागतो. त्याबद्दल त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कोणाला विचारलं नव्हतं. सहा महिने दर महिन्याला पावणेतीनशेची ओळ पगाराच्या स्टबवर दिसत होती. "मला वाटलं, इथे काम करतो म्हणून असेल."

रिफंडचा हिशेब मी पुन्हा हाताने केला, कारण सॉफ्टवेअरवर माझा पूर्ण विश्वास नाही. राज्याचा भाग: पगार सगळा न्यू यॉर्कचा. एकट्या माणसाचं स्टँडर्ड डिडक्शन तिथे ८,००० चं. व्याज धरून कर निघाला ४,७३०, त्यातला न्यू यॉर्कच्या उत्पन्नाचा वाटा ४,७१५. शहराचा भाग: फक्त पहिल्या सहा महिन्यांचे ४८,०००, त्यातून अर्धं डिडक्शन ४,००० वजा, कर १,५८४. दोन्ही मिळून ६,२९९. कापलेले ४,७८० आणि ३,३१०, म्हणजे ८,०९०. फरक १,७९१. शहराच्या रहिवाशांना शाळेच्या कराची एक छोटी सवलत मिळते, ती सहा महिन्यांच्या हिशेबाने सव्वाशे. एकूण १,९१६. सॉफ्टवेअरने या वेळी तरी बरोबर केलं होतं. तो आयटी-३६०.१ फॉर्म, म्हणजे वर्षाच्या मध्यात शहर सोडल्याचा हिशेब, तोही जोडलेला होता.

मग अडकलं कुठे? खात्याने कारण असं कुठे लिहून दिलं नाही, पण कागद बघून माझा अंदाज झाला. कंपनीने कळवलंय की हा माणूस वर्षभर शहरात होता. माणूस म्हणतोय अर्धंच वर्ष. आणि या अर्ध्या वर्षाच्या जोरावर जवळजवळ दोन हजार परत मागतोय. त्या खुर्चीत मी असते तर मीही कागद मागितले असते.

घरून काम केलेले दिवस

इथे त्याने एक हुशारी सुचवली. "मावशी, मी जुलैपासून आठवड्यातले दोन दिवस जर्सीतून काम केलंय. ते दिवस न्यू यॉर्कच्या करातून काढू या ना. रिफंड अजून वाढेल."

दरवर्षी कोणीतरी हे सुचवतंच. न्यू यॉर्कचा नियम असा आहे की ऑफिस न्यू यॉर्कमध्ये असताना तुम्ही आपल्या सोयीसाठी घरून काम केलंत, तर तो दिवस न्यू यॉर्कचाच धरायचा. कंपनीच्या गरजेने बाहेर काम करावं लागलं तरच सूट, आणि ती गरज सिद्ध करायच्या अटी कडक. कनेटिकटमध्ये राहून मॅनहॅटनमध्ये शिकवणारे एक कायद्याचे प्राध्यापक याविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. कायद्याचे प्राध्यापक हरले तिथे जर्नल स्क्वेअरचा आपला मुलगा काय जिंकणार! न्यू जर्सीलाही हे खटकतंच. २०२३ मध्ये त्यांनी उलट दिशेचा तसाच नियम करून टाकला. भाच्याला त्याचा उपयोग नाही. हिशेब होता तसा ठेवला.

दुसरं राज्य

मी सहज विचारलं, "न्यू जर्सीचं रिटर्न किती तारखेला भरलंस?"

शांतता.

सॉफ्टवेअरने न्यू जर्सी आपणहून जोडलं होतं. दुसऱ्या राज्याचे पैसे वेगळे पडतात म्हणून याने ते काढून टाकलं. "पगार तर न्यू यॉर्कचाच आहे, जर्सीत मी फक्त झोपतो."

जिथे झोपतो ते राज्यही कर लावतं. न्यू जर्सी रहिवाशाच्या सगळ्या उत्पन्नावर कर मोजतं, मग ते कुठेही कमावलेलं असो. आणि दुसऱ्या राज्याला दिलेल्या कराची सूट देतं. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांचा पगाराबाबत आपसात करार आहे, फिलाडेल्फियात नोकरी करणाऱ्या जर्सीकराला पेनसिल्व्हेनियाच्या राज्याला कर द्यावा लागत नाही. न्यू यॉर्कबरोबर असा करार नाही. त्यामुळे दोन रिटर्न.

न्यू जर्सीचं रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर केलं. क्रम महत्त्वाचा: आधी न्यू यॉर्क, मग न्यू जर्सी, कारण सूट किती ते न्यू यॉर्कचा कर ठरल्याशिवाय कळत नाही. जुलै ते डिसेंबरचा पगार ४८,००० अधिक व्याज ३००. वैयक्तिक सूट हजाराची, अर्ध्या वर्षाची ५००. उरले ४७,८००. न्यू जर्सीचे टप्पे खालच्या उत्पन्नाला हलके आहेत, पहिल्या २०,००० ला १.४ टक्का, पुढच्या १५,००० ला १.७५, मग ३.५, आणि ४०,००० च्या वर ५.५२५. कर झाला १,१४८.

आता न्यू यॉर्कला दिलेल्या कराची सूट. भाच्याने चौकोन १७ मधले ४,७८० उचलून टाकले. नेहमीची चूक! ती कापलेली रक्कम आहे. लागतो तो न्यू यॉर्कच्या रिटर्नवर ठरलेला कर, आणि तोही जर्सीत राहत असतानाच्या पगारावरचा, म्हणजे ४,७१५ च्या अर्ध्याच्या आसपास, साधारण २,३५७. पण न्यू जर्सी स्वतःच्या करापेक्षा जास्त सूट देत नाही. पगाराच्या वाट्याला आलेला कर १,१४१, तेवढीच सूट. व्याजावरचा कर न्यू यॉर्कने घेतलेलाच नाही, म्हणून त्यावर सूट नाही. उरले सात डॉलर. (भाडेकरूंची एक छोटी सवलत असते, ती मी इथे बाजूला ठेवते.)

"सात डॉलरसाठी एवढं?"

हो, सात डॉलरसाठी. रिटर्न भरलं नसतं तर न्यू जर्सीच्या हिशेबात सूट मागणारा कागदच नसता, आणि त्यांनी एक दिवस अख्ख्या ४८,३०० वरचे १,१४८ दंड-व्याजासकट मागितले असते. मग दोन वर्षांपूर्वीचे न्यू यॉर्कचे कागद शोधत बसायचं. १५ एप्रिलच्या आधी भरलं, सात डॉलर बँकेतून गेले, ते राज्य त्या दिवसापासून गप्प आहे.

पत्र

न्यू यॉर्क मात्र गप्प नव्हतं. १२ एप्रिलला साइटवरचं वाक्य बदललं: आम्हाला अधिक माहिती हवी आहे, पत्र पाठवलं आहे. दोन आठवडे गेले तरी पत्र नाही. या मधल्या काळात भाचा दिवसातून पाच-सहा वेळा साइट उघडत होता. भारतात रिफंड एका पोर्टलवर, पॅनला जोडलेल्या एका खात्यात येतो, आणि त्याला तीच सवय होती. मला रात्री स्क्रीनशॉट यायचे. वाक्य तेच. एकदा त्याने विचारलं, "सुधारित रिटर्न टाकून देऊ का? म्हणजे नव्याने रांगेत लागेल." मी जवळजवळ ओरडलेच. मूळ रिटर्न तपासणीत असताना त्यावर दुसरं टाकलं की एकाऐवजी दोन कागद अडकतात. आणि सुधारायचं काय होतं? आकडे बरोबर होते.

पत्राचं गौडबंगाल रिटर्नच्या पहिल्याच पानावर सापडलं. पत्ता बरोबर, इमारतीचा नंबर बरोबर, फ्लॅट नंबर नाही. चाळीसेक फ्लॅटची इमारत, आडनाव पोस्टमनला अनोळखी. पत्र बहुधा परत गेलं असणार.

मग त्याला राज्याच्या टॅक्स खात्याच्या साइटवर स्वतःचं ऑनलाइन खातं उघडायला लावलं. हे त्याने फेब्रुवारीतच करायला हवं होतं, आणि मीही त्याला सांगायला हवं होतं. खात्यात पत्र दिसलं, डीटीएफ-९४८. भाषा सभ्य. राहण्याचा पत्ता कधी बदलला आणि कापलेला कर किती याचे पुरावे द्या, उत्तर इथूनच अपलोड करता येईल.

पुरावे जमवताना खरी मजा आली. जर्सीच्या घराचा १ जुलैपासूनचा भाडेकरार, सह्यांसकट, हा पक्का. पीएसईअँडजी या वीज-गॅस कंपनीचं पहिलं बिल, जुलैचंच. सामान हलवणाऱ्या गाडीची पावती ईमेलमध्ये सापडली, ३० जूनची. ड्रायव्हिंग लायसन्स? न्यू यॉर्कचंच! न्यू जर्सीत राहायला आल्यावर ६० दिवसांत बदलायचं असतं. "वेळ नाही मिळाला गं." ते पाठवलं नाही.

आणि जॅक्सन हाइट्सचा जुना करार. त्यावर याचं नाव ऑगस्ट अखेरपर्यंत होतं, कारण तिघांचा मिळून एकच करार. या कागदाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. शहराबाहेर गेलोय म्हणायचं आणि शहरातल्या घरावर नाव ठेवायचं, हे बघणाऱ्याच्या मनात शंका आणतंच. सुदैवाने जूनमध्ये याने घरमालकाला ईमेल केला होता, की मी ३० तारखेला जातोय, माझ्या खोलीत अमुक येतोय, आणि मालकाने "ओके" असं दोन अक्षरी उत्तर दिलं होतं. ते दोन्ही ईमेल लावले. जुलै-ऑगस्टचं भाडं नव्या मुलाच्या खात्यातून गेल्याचं रूममेटने दाखवलं, तेही लावलं.

कंपनीकडून पत्र मिळवायला आठवडा गेला. पेरोलचं म्हणणं, डब्ल्यू-२ चुकीचा नाही, आम्ही जेवढं कापलं तेवढंच त्यावर लिहिलंय. ते खरंही होतं. कापलं होतं, आणि राज्याकडे भरलंही होतं, कारण शहराचा कर राज्यच गोळा करतं. ते परत द्यायचं काम आता राज्याचं. म्हणून आम्ही एवढंच मागितलं: कर्मचाऱ्याने जुलै २०२३ मध्ये नवा पत्ता नोंदवला होता आणि करासाठीचा पत्ता जुनाच राहिला, हे दोन ओळींत लिहून द्या. दिलं.

सगळ्यावर मी एक पानाचं पत्र लिहवून घेतलं. त्याच्या पहिल्या मसुद्यात दीड पान नाराजी होती: मी प्रामाणिक करदाता आहे, मला मानसिक त्रास झाला, वगैरे. ते खोडलं. तारीख, घटना, कुठला कागद; तारीख, घटना, कुठला कागद. बघणाऱ्याला तीन मिनिटांत फाइल बंद करता आली पाहिजे. फायलींची नावंसुद्धा मराठी-इंग्रजी खिचडीतून काढून एक, दोन, तीन अशी लावली. ५ मेला सगळं एकदाच अपलोड केलं, पोच जपून ठेवली, आणि सक्त ताकीद दिली की तेच कागद पुन्हा पाठवायचे नाहीत.

त्यानंतर साइट आठवड्यातून एकदाच बघायची, शुक्रवारी, असं ठरलं. त्याने ते पाळलं असं मला वाटत नाही. पण स्क्रीनशॉट थांबले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाक्य बदललं, या तारखेला रिफंड निघेल. १७ जूनला खात्यात १,९१६ जमा. ३ मार्चला भरलेल्या रिटर्नचे साडेतीन महिन्यांनी.

जानेवारीत पुन्हा

पुढच्या जानेवारीत त्याला नवीन भीती. ऑफिसात कोणीतरी सांगितलं की स्टेट रिफंड पुढच्या वर्षी फेडरलला उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो, त्याचा १०९९-जी नावाचा फॉर्म येतो, आणि ह्याला तर आलाच नाही. न्यू यॉर्क तो पोस्टाने पाठवत नाही, साइटवरून घ्यावा लागतो. आणि कर लागायचा प्रश्न कोणाचा? ज्याने आदल्या वर्षी खर्च एकेक करून दाखवले, त्यात स्टेट टॅक्सची वजावट घेतली, त्याचा. भाच्याने स्टँडर्ड डिडक्शन घेतलं होतं, वजावट घेतलीच नाही, मग परत आलेल्या पैशावर कर कसला. फॉर्म उतरवून फाइलला लाव, एवढंच सांगितलं.

मग २०२४ चा डब्ल्यू-२ आला. कंपनीत फॉर्म दिला होता एप्रिलमध्ये, मी सांगितल्यानंतर. फोटो आला, चौकोन १९ वर बोट ठेवलेलं: ८२८. जानेवारी ते मार्च.

"मावशी, परत?"

"परत," मी म्हटलं. "या वेळी फ्लॅट नंबर टाक. आणि लायसन्स बदललंस का?"


बदललं नव्हतं.